आधी काय बदललं नाही?

सकाळी ६.१५. इचलकरंजी. शेजारच्या शेडमधले माग रात्रीपासून चालूच आहेत. शिकवणीच्या बाई जुन्या लग्नपत्रिकांच्या पट्ट्या कापतायत. बोटभर रुंद, सगळ्या एका मापाच्या. कात्री बोथट झालीय. धार लावायचे वीस रुपये पुढच्या आठवड्यावर टाकलेत.

७.००. दुपारच्या शाळेची सहावीची मुलं येतात. फळ्यावर गणित : राधा आणि सागरच्या गोट्यांचं गुणोत्तर ५:१. राधाने सागरला १२ दिल्या, ते २:१ झालं. राधाकडे आधी किती?

एकजण लगेच वजाबाकी मांडतो. बाई त्याचा हात धरतात. "बदललं काय ते नंतर. आधी सांग, काय बदललं नाही?"

बराच वेळ कोणी बोलत नाही. मग मागून एक मुलगी म्हणते, "एकूण गोट्या, बाई."

एकूण भाग आधी सहा, नंतर तीन. गोट्या तेवढ्याच, म्हणून तिनाचेही सहा करायचे. २:१ चे होतात ४:२. एक भाग म्हणजे एक पट्टी. मुलगी राधाच्या पाचांतली एक पट्टी सागरकडे सरकवते. ती पट्टी १२ ची. राधाकडे ६०.

क्ष मानायची घाई बाई करू देत नाहीत. बरोबरच आहे. अकरा वर्षांच्या पोराला पट्टी हातात धरता येते.

१०.००. पाणी, स्वयंपाक, धुणं.

सायंकाळी ६.००. दुसरी तुकडी. आई आणि मुलाचं वय ७:२. आठ वर्षांनी ५:२. इथे दोघांचीही वयं वाढतात, एकूणही वाढतं. मुलं अडतात. न बदलणारं एकच : वयातलं अंतर. ते आधी ५ भाग, नंतर ३. दोन्हीकडे १५ करा. २१:६ चे होतात २५:१०. वाढले चार भाग, म्हणजे आठ वर्षं. एक भाग दोन वर्षांचा. आई ४२, मुलगा १२.

"माझी आई एवढी म्हातारी नाही," एकजण म्हणतो. पण उत्तर पडताळून बघतो. ५० आणि २०. जमलं.

८.२०. पाळी संपवून एका मुलाचे वडील येतात. केसांत कापसाची पिंज. फीच्या तीनशेतले दोनशे देतात. "बाकीचे पगाराला, बाई." बाई वहीत मांडतात.

९.००. महिन्याचा हिशेब. मुलं २२, फी ६,६००. खोलीचं भाडं २,०००. वीज, खडू, झेरॉक्स ४००. उरतात ४,२००, सगळ्यांनी फी दिली तर.