संकष्टीचा चंद्र कुवेतमध्ये किती वाजता?



संकष्टी आली की आपल्या घरांतून फोन सुरू होतात, "अहो, आज चंद्रोदय किती वाजता?" मिरकाबमधल्या आपल्या बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या भिंतीवर कुणीतरी आठवणीने देशातून आणलेले 'कालनिर्णय' असते. त्यातली मुंबईची वेळ पाहायची, अडीच तास वजा करायचे आणि ताटे वाढायची, असा आपल्यापैकी कित्येकांचा रिवाज आहे. आमचाही होता. १२ ऑगस्ट २०२५ च्या अंगारकीला मुंबईचा चंद्रोदय रात्री सव्वानऊच्या सुमारास होता. अडीच तास वजा करून आम्ही पावणेसातला आरतीचे तबक घेऊन गच्चीवर गेलो. सूर्य नुकताच मावळला होता, चंद्राचा पत्ता नव्हता. धुळीमुळे दिसत नसेल म्हणून आम्ही तसाच नमस्कार केला आणि जेवायला बसलो. खरा चंद्र उगवला साडेआठच्या सुमारास! मुंबईहून आलेल्या आमच्या सासूबाई, ज्यांनी चाळीस वर्षांत एक संकष्टी चुकवली नाही, त्या रात्री काही बोलल्या नाहीत, पण त्यांचे मन खट्टू झाले. म्हणून हा लेख.

दोन वेळा, दोन हिशेब

पंचांगात दोन प्रकारच्या वेळा असतात आणि आपण त्यांची गल्लत करतो.

पहिली वेळ तिथीची. चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी पूर्ण होते. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने तिथी कधी १९ तासांची, तर कधी २६ तासांची भरते. तिथी सुरू होण्याचा आणि संपण्याचा क्षण मात्र साऱ्या जगासाठी एकच असतो. त्यामुळे तिथीच्या वेळेतून अडीच तास वजा करणे अगदी बरोबर आहे.

दुसरी वेळ सूर्योदयाची, सूर्यास्ताची आणि चंद्रोदयाची. ही ज्या त्या गावाची असते. कुवेत मुंबईच्या पश्चिमेला सुमारे २५ अंश रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला ४ मिनिटे लागतात, म्हणजे मुंबईत उगवलेला चंद्र आपल्याकडे यायला साधारण १०० मिनिटे लागतात. आपले घड्याळ मात्र १५० मिनिटे मागे आहे. म्हणून आपल्या घड्याळात चंद्रोदय मुंबईपेक्षा सरासरी ५० मिनिटे लवकर दिसतो, अडीच तास नव्हे. त्यातही मुंबई १९ अक्षांशावर आणि कुवेत २९ वर, त्यामुळे महिन्यामहिन्याला वीस-पंचवीस मिनिटांचा फरक इकडे तिकडे पडतो. तेव्हा अंदाज नकोच. संगणकावर किंवा मोबाइलवर पंचांग पाहताना गाव 'कुवेत' निवडा आणि तीच वेळ धरा.

कोणते व्रत कशावर?

तिथी दोन दिवसांत विभागली गेली की व्रत कोणत्या दिवशी करायचे, हे शास्त्राने प्रत्येक व्रतासाठी वेगळे ठरवले आहे.

- संकष्टी: चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असेल तो दिवस.
- एकादशी: सूर्योदयाला असलेली तिथी मुख्य.
- प्रदोष: सूर्यास्तानंतरच्या वेळी त्रयोदशी हवी.
- रामनवमी आणि गणेश चतुर्थी: मध्यान्ह.
- महाशिवरात्र: मध्यरात्र.

आता लक्षात येईल की देशातला आणि इथला दिवस कधीकधी वेगळा का येतो. याचे उत्तम उदाहरण म्हणजे २०२५ ची कार्तिकी. पंढरपूरला ती २ नोव्हेंबरला झाली. त्या दिवशी एकादशी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी साडेसातच्या सुमारास संपली. पंढरपूरला सूर्य साडेसहालाच उगवला होता, म्हणून तिथे सूर्योदयाला एकादशी मिळाली. आपल्याकडे ती पहाटे पाचलाच संपली आणि सूर्य उगवला सहाच्या सुमारास, म्हणजे द्वादशीला. आदल्या दिवशीही इथे सूर्योदयानंतर एकादशी लागली. थोडक्यात, कुवेतच्या एकाही सूर्योदयाला ती एकादशी मिळालीच नाही! पंचांगात याला क्षयतिथी म्हणतात.

अशा वेळी काय करावे? काही घरे इथल्या सूर्योदयावर चालतात आणि आदल्या दिवशी उपवास करतात. काही घरे म्हणतात, विठोबा पंढरपूरचा, तेव्हा दिवसही पंढरपूरचाच. दोन्हीला आधार आहे. आम्हाला वाटते, आषाढी-कार्तिकीला पंढरपूरबरोबर राहावे, कारण त्या दिवशी देशातल्या माणसांशी मन जोडलेले असते. संकष्टीला मात्र आपल्याच आकाशातला चंद्र धरावा, कारण ते व्रतच चंद्र पाहून सोडायचे आहे. घरच्या गुरुजींचे किंवा वडीलधाऱ्यांचे मत वेगळे असल्यास ते प्रमाण.

शेजाऱ्यांचाही चंद्रच

आपल्या मुलांना हे समजावायला कुवेतसारखी जागा नाही. इथे रमजानचा महिनाही चंद्रावरच सुरू होतो. २०२५ मध्ये तो १ मार्चला सुरू झाला. हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे असल्याने रमजान दरवर्षी १०-११ दिवस अलीकडे येतो आणि सगळ्या ऋतूंतून फिरतो. आपलेही १२ चांद्रमास तेवढेच, पण आपण सुमारे ३२-३३ महिन्यांनी अधिक मास धरून हिशेब जुळवतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. म्हणूनच आपला श्रावण पावसाळा सोडून जात नाही. गंमत म्हणजे 'मिरकाब' या अरबी शब्दाचा अर्थच टेहळणीची उंच जागा असा आहे. चंद्राची वाट पाहायला याहून चांगला पत्ता कोणता!

एक सूचना: रमजानमध्ये दिवसा सार्वजनिक ठिकाणी खाणेपिणे इथे कायद्याने मना आहे. त्या महिन्यात एकादशी आली तर फराळाचा डबा कचेरीत चारचौघांत उघडू नये.

तब्येत आधी

इथल्या उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या आसपास जातो. १ जून ते ३१ ऑगस्ट या काळात भर दुपारी उघड्यावर काम करून घ्यायला सरकारची बंदी असते, ती उगाच नाही. अशा दिवसांत हरतालिकेचा किंवा कोणताही निर्जळी उपवास करताना जपा. मधुमेह, रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर भगिनींनी आधी डॉक्टरांना विचारावे. पाणी, दूध, फळे घेऊन केलेला उपवासही उपवासच असतो, आणि आजारी माणसाला शास्त्रानेही सूट दिली आहे. साबुदाण्याच्या खिचडीपेक्षा भगर, राजगिरा आणि ताक पोटाला हलके पडते, हेही जाता जाता.

पुढच्या संकष्टीला कुवेतची वेळ पाहून एका चिठ्ठीवर लिहा आणि ती कालनिर्णयाच्या त्या चौकोनाला टाचून ठेवा. आमच्या घरी आता ते काम सासूबाई करतात. चिठ्ठी लावून झाली की देशात बहिणीला फोन करून सांगतात, "आमचा चंद्र तुमच्यानंतर येतो गं, तुम्ही जेवून घ्या."