शिक्कामोर्तब आणि संगणकाचे दप्तर

‘शिक्कामोर्तब’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की, त्यात दोन निरनिराळ्या मोहोरा आहेत हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शिक्का पत्राच्या माथ्यावर उमटे. मोर्तब मजकुराच्या शेवटी. पत्र कोणाचे, हे पहिला सांगे. मजकूर येथे संपला, याखाली कोणी अक्षर वाढविल्यास ते मान्य नाही, असे दुसरे बजावी. संमती कोणाची आणि ती नेमकी कशाला, या दोन्ही प्रश्नांचा उलगडा अशा रीतीने त्या कागदावरच होत असे. कागदाच्या जागी संगणक आला, तरी हे प्रश्न मिटलेले नाहीत. किंबहुना दुसरा प्रश्न अधिकच बिकट झाला आहे.

औषधाच्या बाटलीवरील लेबलाचे उदाहरण घ्यावे. हे लेबल हल्ली संगणकावर तयार होते. वैद्यकीय तज्ज्ञ, गुणवत्ता विभाग आणि कायद्याचा सल्लागार यांच्या नजरेखालून गेल्यावाचून ते छापखान्यात जाऊ नये, असा शिरस्ता असतो. प्रत्येक जण काही दुरुस्ती सुचवितो, आणि दर दुरुस्तीगणिक नवी फाईल जन्मास येते. एकीचे नाव ‘अंतिम’, दुसरीचे ‘अंतिम दोन’, तिसरीचे ‘खरोखर अंतिम’! अशा वेळी सही एका फाईलवर व्हावी आणि छापली मात्र दुसरीच जावी, यासाठी कोणाची लबाडी लागत नाही. घाई तेवढी पुरते. आणि मात्रेतील दशांशचिन्ह एक घर सरकले, तर रोग्याच्या पोटात दसपट औषध जाते.

हा घोटाळा टाळण्यासाठी दोन व्यवस्थांची सांगड घालावी लागते. पहिली व्यवस्था संग्रहाची. तिला डिजिटल मत्ता-व्यवस्थापन म्हणतात. संस्थेची चित्रे, लेबले, चित्रफिती असे सारे साहित्य एका ठिकाणी ठेवून, प्रत्येकाचा क्रमांक, आवृत्ती, कर्ता आणि वापराची मुदत यांची नोंद ती राखते. दक्ष ग्रंथपालाचेच हे काम म्हणाना.

दुसरी व्यवस्था इलेक्ट्रॉनिक सहीची. पडद्यावर बोटाने गिरविलेले नाव किंवा सहीचे छायाचित्र एवढाच तिचा अर्थ नव्हे. तिच्या सर्वांत भक्कम प्रकारात, म्हणजे डिजिटल सहीत, फाईलमधील यच्चयावत आकड्यांवर ठराविक गणित करून एक छोटा सारांक काढतात. एसएचए-२५६ या पद्धतीत तो २५६ बिटांचा असतो. फाईलमध्ये एक स्वल्पविराम बदलला तरी सारांक पार निराळा येतो. सही करणारा आपल्यापाशीच असलेल्या गुप्त किल्लीने या सारांकावर सही करतो. जाहीर किल्लीने ती कोणासही पडताळता येते. दोन किल्ल्यांची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली प्रसिद्ध केली. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० याने अशा सहीस मान्यता दिली. मृत्युपत्र मात्र त्या कायद्याच्या कक्षेबाहेरच ठेवलेले आहे.

आता सांगड कशी घालावयाची ते पाहू. लेबलाची एखादी आवृत्ती संग्रहात आली की, तीच आवृत्ती सहीसाठी संबंधितांपुढे जाते. तिची प्रत टपालाने इकडून तिकडे फिरत नाही. सही झाली की ती त्याच आवृत्तीच्या नोंदीस येऊन चिकटते. पुढे कोणी फाईलला हात लावला तर नवी आवृत्ती होते, आणि जुनी संमती तिला लागू पडत नाही. छापखान्यास तर संमत आवृत्तीच तेवढी उघडता येते.

ऐकण्यास हे सोपे वाटते; परंतु त्यात एक मेख आहे. ‘मंजूर’ हा शेरा संग्रहाने सही झाल्यावर खुद्द फाईलच्या पोटात लिहिला, तर फाईल बदलते आणि पडताळणीत सही खोटी ठरते. म्हणून शेरा फाईलबाहेर, नोंदवहीतच असावा लागतो. तसेच संग्रह एका मूळ चित्रापासून लहान आकाराच्या अनेक प्रती आपोआप काढतो. त्या प्रत्येकीचा सारांक वेगळा असतो. ही प्रत अमुक संमत मूळापासून निघाली, अशी वंशावळ जपली नाही, तर त्या प्रती पोरक्या होतात.

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९७ साली याबाबत नियम केला. अमेरिकेस औषधे पाठविणारे भारतीय कारखानेही त्याच्या कक्षेत येतात. सही अमक्याच गणिताने करावी, असा त्याचा आग्रह नाही. परंतु सहीबरोबर नाव, तारीख, वेळ आणि सहीचा अर्थ, म्हणजे ती तपासणीची की मंजुरीची, हे दिसलेच पाहिजे. आणि एका लेखावरील सही उचलून दुसऱ्यावर डकविता येता कामा नये, असे तो सांगतो. जुन्या शिक्कामोर्तबाचेच हे दोन हेतू होत.

तथापि, यंत्राकडून भलती अपेक्षा करू नये. हीच फाईल, याच किल्लीने, बदल न होता संमत झाली, एवढेच ते सिद्ध करते. मात्रा बरोबर आहे की नाही, हे त्यास ठाऊक नसते. किल्ली किंवा संकेतशब्द सहकाऱ्याच्या हाती देणारा, आणि न वाचता सही ठोकणारा, या दोघांपुढे उत्तमातील उत्तम व्यवस्थाही हतबल ठरते. फरक इतकाच की, चूक झाल्यावर ‘मी सही केली ती ही फाईल नव्हेच’ असे म्हणण्याची सोय उरत नाही. ती सोय नाहीशी झाली म्हणजे सही करणारा सहीपूर्वी लेबल एकदा अधिक वाचतो. आणि औषध घेणाऱ्या घरास हवे असते ते एवढेच.