इस्पितळाच्या अवजारांचे बांधणी-कापड : काम साधे, जोखीम मोठी

नाशिक शहरात आपले अनेक बंधू शिलाईकामावर पोट भरतात. जिल्ह्यातील मालेगाव तर यंत्रमागाचेच गाव. या दोन्ही धंद्यांना जोडणाऱ्या, पण फारसे लक्ष न गेलेल्या एका कामाची माहिती आज आम्ही देत आहोत.

ऑपरेशनच्या कात्र्या, चिमटे ही अवजारे धुऊन पुन्हा वापरली जातात. त्यांना कापडात बांधून ऑटोक्लेव्ह नावाच्या यंत्रात १२१ अंश सेल्सिअसच्या वाफेत साधारण अर्धा तास ठेवतात. यंत्रातून काढल्यावर डॉक्टरांच्या हाती जाईपर्यंत अवजारे निर्जंतुक राहतात ती या बांधणीमुळेच. अलीकडे यासाठी एकदा वापरून फेकायचे न विणलेले कापड मिळते. ते पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे प्लास्टिकच असते. दर ऑपरेशनमागे त्याचा कचरा वाढतो आणि खर्चही पुन्हा होतो. सुती कापड मात्र धुऊन अनेकदा वापरता येते.

परंतु हे काम चादरी शिवण्यासारखे नव्हे. वाफ आत गेली पाहिजे आणि जंतू मात्र आत जाता कामा नयेत. त्यासाठी कापड घट्ट विणीचे आणि दुहेरी घ्यावे. मागावरच्या कोऱ्या कापडात सायझिंगची खळ असते, ती वाफेला अडवते. म्हणून शिवण्याआधी कापड चांगले धुऊन खळ काढावी. शिलाई फक्त कडेने घालावी, मधून टाके मारू नयेत. सुईचे प्रत्येक भोक ही जंतूंची वाट होय. याच कारणाने येथे रफू चालत नाही. छिद्र पडल्यास उष्णतेने चिकटणारे ठिगळ लावावे, नाहीतर ते कापड बाद करावे. छिद्र शोधण्यासाठी प्रत्येक धुलाईनंतर कापड दिव्यासमोर धरून पाहतात. वारंवार धुऊन वीण विरते, म्हणून किती वेळा धुतले याची खूण करण्यास कोपऱ्यात चौकटी छापून दिल्यास इस्पितळाची सोय होते.

वेष्टनांसाठी आयएसओ ११६०७ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. काम घेण्यापूर्वी इस्पितळाच्या निर्जंतुकीकरण विभागाकडून माप, कापडाचा प्रकार आणि अटी लेखी घ्याव्यात. आधी थोडे नमुने द्यावेत, ते त्यांच्या यंत्रात तपासून पसंत पडल्यावरच मोठा माल शिवावा.

सदरा उसवला तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानात येऊन भांडते. वेष्टनातल्या छिद्राने जखम चिघळली तर रुग्णाला त्याचे कारणही कळत नाही. म्हणून हे काम म्हणजे अमानत आहे. दोन पैसे वाचवण्यासाठी विरळ कापड वापरण्यापेक्षा ऑर्डर सोडलेली बरी. चोख काम केले तर इन्शाअल्लाह हलाल रोजीचा एक नवा मार्ग खुला होईल.