साथीची परंपरा : ब्रिटिश फोक-रॉक आणि त्याचे गिटारवादक

इतरांच्या ध्वनिमुद्रणात ठराविक मानधन घेऊन वाजवणाऱ्या कलावंताला सेशन वादक म्हणतात. ब्रिटनमध्ये अशा कामाचे एकक साधारणतः तीन तासांचे सत्र असे, आणि तेवढ्या वेळात समोर ठेवलेली स्वरलिपी वाचून, प्रसंगी ऐनवेळी सुचेल ते वाजवून, गाणे उभे करणे ही या वादकाची कसोटी असे. १९६० च्या दशकात लंडनमध्ये बिग जिम सुलिव्हन, व्हिक फ्लिक आणि तरुण जिमी पेज यांनी असंख्य लोकप्रिय गाण्यांना गिटारची साथ दिली. मात्र त्या तबकड्यांवर त्यांची नावे क्वचितच छापली गेली. सत्तरच्या दशकात उमललेल्या फोक-रॉकने, म्हणजे पारंपरिक लोकगीते आणि त्यांच्या वळणाची नवी गीते विद्युत वाद्ये व ड्रम यांच्या साहाय्याने मांडणाऱ्या संगीताने, ही निनावी साथ बदलली आणि साथीदाराला स्वतःच्या आवाजासह गाण्यात स्थान दिले.

या बदलाची तांत्रिक पायाभरणी आधीच झाली होती. डेव्ही ग्रॅहम याने मोरोक्कोच्या प्रवासानंतर रूढ केलेल्या जुळणीत गिटारच्या सहा तारा डी-ए-डी-जी-ए-डी अशा लावल्या जातात. डी हा षड्ज मानला, तर ही जुळणी सा-प-सा-म-प-सा अशी होते. त्यामुळे मोकळ्या तारा तानपुऱ्याप्रमाणे आधारस्वर धरून राहतात आणि लोकधुनेला पाश्चात्त्य स्वरसंघांच्या चौकटीत कोंबावे लागत नाही. बर्ट जान्श, जॉन रेनबोर्न आणि मार्टिन कार्थी यांनी बोटांनी तारा छेडण्याची शैली आपापल्या परीने विकसित केली, आणि कार्थीने स्टीलाय स्पॅन या फोक-रॉक गटाच्या ‘प्लीज टू सी द किंग’ (१९७१) या अल्बममध्ये विद्युत गिटार हाती घेतली, तेव्हा ड्रमवादक नसलेल्या त्या ध्वनिमुद्रणात लयीचा मोठा भार गिटार आणि बेस यांनीच पेलला.

फोक-रॉकचा निर्णायक टप्पा मानला जाणारा ‘लीज अँड लीफ’ हा फेअरपोर्ट कन्व्हेन्शनचा अल्बम डिसेंबर १९६९ मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात झालेल्या व्हॅन अपघातात ड्रमवादक मार्टिन लॅम्बल दगावला होता, आणि त्या आघातातून सावरताना या चमूने लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधील लोकगीतांच्या संग्रहाचा आधार घेत इंग्लिश परंपरेकडे मोर्चा वळवला. त्यातील गिटारवादक रिचर्ड थॉम्पसन (जन्म १९४९) हा या सर्व कथेचा केंद्रबिंदू होय. अंगठा व तर्जनीत नखी धरून उरलेल्या बोटांनी अन्य तारा छेडण्याची त्याची पद्धत, आणि ब्लूजपेक्षा बॅगपाइप व फिडल यांच्या अलंकारांकडे झुकणारे त्याचे स्वरवाक्य, यांमुळे विद्युत गिटार लोकगीतात उपरी वाटेनाशी झाली.

निर्माता जो बॉइड आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड यांच्याभोवती जमलेले कलावंत चेल्सीतील साउंड टेक्निक्स या स्टुडिओत एकमेकांच्या कामात सहज सामील होत. गायक-गीतकार निक ड्रेकच्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ (१९६९) मधील पहिल्याच गीतात थॉम्पसनची गिटार गायकाच्या दोन ओळींमधील जागा भरते, पण ओळीवर कधीच चढत नाही. ‘ब्रायटर लेटर’ (१९७१) मध्ये तर फेअरपोर्टचेच डेव्ह पेग आणि डेव्ह मॅटॅक्स बेस व ड्रमवर आहेत. जानेवारी १९७१ मध्ये फेअरपोर्ट सोडल्यावर थॉम्पसनने गायिका सँडी डेनीच्या ‘द नॉर्थ स्टार ग्रासमन अँड द रेव्हन्स’मध्ये वादन आणि सहनिर्मिती केली, शर्ली कॉलिन्सच्या ‘नो रोझेस’मध्ये तो पंचवीसहून अधिक वादकांच्या मेळात सायमन निकोलसह सामील झाला, आणि जॉन मार्टिनच्या ‘सॉलिड एअर’साठी (१९७३) त्याने गिटार बाजूला ठेवून मँडोलिन वाजवले. जॉन मार्टिन स्वतः एकोप्लेक्स या, फितीवर मुद्रित झालेला ध्वनी विलंबाने पुन्हा ऐकवणाऱ्या, यंत्रातून आपली गिटार सोडून एकाच वाद्याचे अनेक थर रचत असे, आणि डॅनी थॉम्पसनचा डबल बेस त्या थरांना तळ देत असे.

निनावी सेशन वादन आणि फोक-रॉक या दोन जगांना जोडणारा दुवा जिमी पेज ठरला. अल स्ट्युअर्टच्या ‘लव्ह क्रॉनिकल्स’मध्ये (१९६९) तो वाजवतो, तर रॉय हार्परच्या ‘स्टॉर्मकॉक’मध्ये (१९७१) तो टोपणनावाने हजर आहे. स्ट्युअर्टच्याच ‘इयर ऑफ द कॅट’ (१९७६) या अल्बममध्ये टिम रेनविकची विद्युत गिटार आणि निर्माता अ‍ॅलन पार्सन्सची काटेकोर मांडणी यांतून फोक-रॉक व्यापक लोकप्रियतेपर्यंत पोहोचला.

या अल्बमांची थोरवी केवळ गीतकारांच्या प्रतिभेवर उभी नाही. निक ड्रेकला हयातीत श्रोते फार थोडे मिळाले आणि १९७४ मध्ये वयाच्या अवघ्या २६ व्या वर्षी तो गेला, तरी त्याचे संगीत आज जगभर ऐकले जाते, याचे श्रेय त्याच्या शब्दांइतकेच त्या शब्दांना मोकळी जागा देणाऱ्या साथीलाही आहे. कुठे वाजवायचे नाही हे ओळखणारा वादक रचनेचा सहनिर्माताच असतो, आणि सत्तरच्या दशकातील ब्रिटिश फोक-रॉकचा इतिहास अशा वादकांना गायकांच्या बरोबरीने मांडल्याशिवाय पूर्ण होत नाही.