रेस सोडली, तरी गाडी थांबेना!

नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत कधी स्कूटर चढवलीय? नसेल, तर पावसाळा संपला की एकदा तरी जाऊन याच. पण हा लेख माथेरानला चढण्याबद्दल नाहीये. उतरण्याबद्दल आहे.

आम्ही दिघ्याचे चौघं, दोन स्कूटर. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या, 110 सीसी. फरक एवढाच की माझ्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, आदल्याच आठवड्यात त्याच्या गाडीचं ‘पिकअपचं काम’ करून घेतलं होतं. तुमच्याही ग्रुपमध्ये असा एक जण असणारच. चढताना त्याची गाडी खरंच भारी पळाली. दुसरी जोडी मागे धापा टाकत होती आणि आम्ही दोघं वर जाऊन फोटो काढत होतो.

उतरताना मात्र मामला उलटा झाला. तिसऱ्या-चौथ्या वळणापासून दादाची बोटं ब्रेकवरून हलेनात. मग जळका वास यायला लागला. मी मागून ओरडले, ‘‘अरे, रेस सोड ना!’’ तो म्हणाला, ‘‘सोडलीच आहे गं!’’ त्याचा आवाज ऐकून मी गप्प बसले. कशीबशी एका वळणाच्या बाहेर गाडी लावली, अर्धा तास ब्रेक थंड होऊ दिले. तेवढ्यात मागची बिनकामाची स्कूटर आरामात खाली येताना दिसली.

एकच मॉडेल, एकच घाट. मग असं का?

पुढच्या रविवारी आम्ही त्याच गॅरेजात जाऊन बसलो. काकांनी गाडीचं डाव्या बाजूचं कव्हर उघडलं आणि म्हणाले, ‘‘बघ ताई, हाच तुझा गिअरबॉक्स.’’ आत गिअर एकही नव्हता. दोन पुली आणि त्यांच्यावर एक रबरी बेल्ट. पुढच्या पुलीत सहा छोटे रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, पुलीची तबकडी ढकलतात आणि बेल्ट वर चढतो. म्हणजे आपोआप ‘वरचा गिअर’. मागच्या पुलीत एक मोठी स्प्रिंग असते, ती बेल्टला परत खालच्या गिअरकडे ओढते. आणि मागच्याच बाजूला क्लच. त्याचे तीन शू वेग आला की फाकतात, भोवतीच्या वाटीसारख्या ड्रमला धरतात आणि चाक फिरायला लागतं. वेग उतरला की छोट्या स्प्रिंगा त्या शूंना आत ओढून घेतात. चाक वेगळं, इंजिन वेगळं.

आता इंजिन ब्रेकिंग म्हणजे काय ते बघा. रेस सोडल्यावर चाक उलट इंजिनाला फिरवतं आणि इंजिन त्याला विरोध करतं. हा विरोध म्हणजेच तुमचा फुकटचा ब्रेक. न तापणारा, न झिजणारा. बाइकवाले घाटात दुसऱ्या गिअरवर गाडी टाकतात ती याचसाठी. स्कूटरला तो कमीच मिळतो, कारण मागच्या पुलीची रचनाच अशी असते की इंजिन जोर लावत असताना ती बेल्टला घट्ट आवळते आणि चाक जोर लावायला लागलं की सैल सोडते. म्हणजे उतारावर खालचा गिअर हवा असताना स्कूटर वरच्याकडे झुकते.

आणि वेग 15-20च्या खाली गेला की तेवढंही नाही. क्लच सुटतो. घाटात पाट्या असतात बघा, उतारावर गाडी न्यूट्रल करू नका म्हणून. आपली स्कूटर ती पाटी न वाचता स्वतःच न्यूट्रल होते!

आपल्याकडे हा प्रकार नवा नाहीच. बाबांच्या पिढीतली बजाज चेतक हाताच्या गिअरची होती, डावी मूठ फिरवून गिअर टाकायचे. 1984मध्ये पुण्याच्या कायनेटिक इंजिनीअरिंगनं जपानच्या होंडाशी हातमिळवणी केली आणि मग कायनेटिक होंडा आली. बटण स्टार्ट, गिअर नाही, क्लच नाही. ती टू-स्ट्रोक होती, आणि टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग मुळातच कमी. पण सोय एवढी मोठी होती की लोकांनी ती गाडी मनापासून स्वीकारली. पट्ट्याचा हा गिअर चारचाकीत रुळवला तो नेदरलँड्सच्या डॅफ कंपनीनं, 1958मध्ये. त्यांनाही उताराचा हाच प्रश्न पडला होता आणि त्यांच्या काही मॉडेलमध्ये उतारावर गाडी धरून ठेवायला डॅशबोर्डवर वेगळा स्विच होता. आपल्या 110 सीसीला तसलं काही नाही. म्हणूनच गॅरेजात जाऊन आतले भाग बदलायचा मोह होतो.

तर दादाच्या गाडीत काय बदललं होतं? दोन गोष्टी. रोलर हलके टाकले होते आणि क्लचच्या छोट्या स्प्रिंगा कडक. गंमत म्हणजे इंजिन ब्रेकिंगच्या बाबतीत या दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध जातात. हलक्या रोलरमुळे बेल्ट लवकर वर चढत नाही, इंजिन त्याच वेगाला जास्त फिरतं, म्हणजे रेस सोडल्यावर गाडी जास्त ओढल्यासारखी वाटते. इथवर फायदाच. पण कडक स्प्रिंगेमुळे क्लच उशिरा धरतो आणि लवकर सोडतो. सिग्नलला गाडी उडी मारून सुटते ती त्यामुळेच. नेरळच्या घाटात वळणा-वळणाला वेग 20-25वर येतो. नेमका तिथेच त्याचा क्लच सुटत होता आणि सगळा भार छोट्याशा ड्रम ब्रेकवर येत होता.

मला खरा धक्का बसला तो याच्या पुढच्या गोष्टीचा. एकदा सुटलेला क्लच उतारावर वेग वाढला म्हणून परत धरत नाही! कारण ते शू इंजिनाच्या बाजूला आहेत, चाकाच्या नाही. चाक कितीही जोरात फिरू दे, इंजिन आयडलिंगवर असेल तर शू आतच राहतात. दादाची गाडी 40वर गेली तरी मोकळीच होती. इलाज अगदी साधा आहे आणि कुठलाही भाग बदलावा लागत नाही: सरळ रस्त्यावर, वळणाच्या आधी, क्षणभर हलकी रेस द्यायची आणि सोडायची. शू धरतात आणि गाडी मागून कुणीतरी शर्ट पकडल्यासारखी ओढली जाते. उतारावर रेस द्यायची, हे ऐकायलाच उलटं वाटतं, म्हणून कुणी करत नाही. वळणात मात्र हा प्रयोग नको, ओल्या रस्त्यावर तर नकोच.

आणि पेट्रोल वाचवायला उतारावर चावी बंद करणाऱ्या काकालोकांना (आमच्या घरात दोन आहेत) हे जरूर सांगा. इंजिनच बंद, तर धरणार काय?

आता मुद्दा असा की इंजिन ब्रेकिंग वाढवायचंच असेल तर काय करता येतं? काकांचं म्हणणं, क्लचच्या स्प्रिंगा कंपनीच्याच ठेवा. हलके रोलर चालतील, पण एखाद-दुसऱ्या ग्रॅमनं, आणि ॲव्हरेज थोडं कमी होणार हे धरून चाला. मागची मोठी स्प्रिंग कडक टाकली तर गाडी लवकर ‘खालच्या गिअर’ला येते, पण बेल्टवर ताण वाढतो. क्लचच्या स्प्रिंगा मऊ टाकल्या तर शू खालच्या वेगापर्यंत धरून ठेवतात, पण अती केलं की सिग्नलला उभी गाडी पुढे सरकायला बघते. मालोसी, पोलिनी या इटालियन कंपन्यांचे पूर्ण सेटही मिळतात, पण ते बनतात मुख्यतः वेगासाठी, घाट उतरण्यासाठी नाही. वॉरंटीतल्या गाडीत हे काही केलंत तर वॉरंटी विसरा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52चा संबंध आरसीवरच्या माहितीशी असतो, रोलर तिथे नोंदलेले नसतात. पण ‘आता एवढं केलंच आहे’ म्हणत बोअर वाढवायला गेलात, तर ते कलम लागू होतं.

माझं मत विचाराल तर आधी स्वतःची गाडी ओळखा. आम्ही ते केलं. रविवारी सकाळी एमआयडीसीचे आतले रस्ते रिकामे असतात. 40पर्यंत जायचं, रेस पूर्ण सोडायची, ब्रेकला हात लावायचा नाही आणि गाडी ओढता ओढता अचानक हलकी होऊन तरंगायला लागते तो आकडा बघायचा. मैत्रिणीच्या गाडीचा साधारण 17 आला, दादाच्या गाडीचा 26. पाच-सहा वेळा करून बघितलं, फारसा फरक पडला नाही. तुमचा आकडा काढायला दहा मिनिटं पुरतील. हेल्मेट घालून, मागे कुणी नाही हे बघून.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना या भानगडी नाहीत. तिथे मोटारच उलट जोर लावते आणि बॅटरीत थोडी वीज परत जाते. 2024मध्ये आलेल्या एथरच्या एका मॉडेलमध्ये तर मूठ उलटी फिरवून वेग कमी करता येतो. आमच्या बजेटमध्ये ते बसायला वेळ आहे.

दादानं शेवटी क्लचच्या स्प्रिंगा परत कंपनीच्या टाकून घेतल्या. हलके रोलर मात्र ठेवले, पिकअपचा मोह सुटत नाही. परवा इलठणपाड्याकडून ठाणे-बेलापूर रोडला उतरत होतो. त्यानं वळणाआधी टुक करून रेस दिली आणि सोडली. गाडी गुरगुरत खाली आली. मी मागे बसून ब्रेकच्या दिव्याचा लाल प्रकाश भिंतीवर पडतोय का बघत होते. खालच्या वळणापर्यंत पडला नाही.