सायकलीचें लांकडी मडगार्ड

महाशिवरात्रीच्या यात्रेस मार्कंड्याला गेलेल्या वाचकांस वैनगंगेच्या कांठच्या देवळांवरील कोरीव काम परिचित असेलच. त्याच मुलखांतील पावसाळी चिखलहि त्यांस तितकाच परिचित असेल, आणि आमच्या लेखाचा आरंभ त्या चिखलापासूनच होतो. दोन-तीन पावसाळे गेले कीं पत्र्याच्या मडगार्डास गंज चढतो व तें खडखडूं लागतें. १९८२ सालीं चंद्रपुरापासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, पण रान एकच राहिलें. ह्या रानांतील सागवान अयोध्येच्या मंदिराच्या दरवाजांसाठीं २०२३ सालीं गेलें. मग आमच्या सायकलींनींच काय पाप केलें आहे?

लांकूड सायकलीस नवें नाहीं. डनलॉपनें १८८८ सालीं हवेचा टायर काढला, त्यानंतर पुष्कळ वर्षें शर्यतीच्या सायकलींना लांकडी रिमा असत.

प्रश्न असा, कीं लांकडास गोलाई द्यावी कशी? बैलगाडीच्या चाकाचा घेर आमचे सुतार जाड लांकडाचे कमानदार तुकडे कापून जोडतात व त्यावर लोखंडी धाव चढवितात. मडगार्डास ही युक्ति चालत नाहीं. फळींतून कमान कापली म्हणजे लांकडाचे तंतू मध्येंच तुटतात, आणि अशी पातळ पट्टी पहिल्याच खड्ड्यांत मोडते. तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड हवे; म्हणून पट्टी वाकवावीच लागते.

जाड पट्टीस वाफ द्यावी लागते. दोन मिलिमीटरची पट्टी मात्र थंडच वाकते. आरागिरणींतून सरळ तंतूंच्या अशा तीन पट्ट्या, अडीच इंच रुंदीच्या, आणाव्या. सुताराकडील उरलेले तुकडे उत्तम. रानांत कुऱ्हाड घेऊन जाण्याचें कारण नाहीं. दोन सागाच्या व मधली शिवणीची घेतली, तर तपकिरी कडेंत एक फिकी रेघ उमटते, व तेवढी शोभा पुरे. पातळ लांकडावर खोल कोरीव काम केल्यास तेथेंच तडा जातो. आणि मार्कंड्याच्या मूर्ति चिखलाच्या जागीं उमटवाव्या, हें आम्हांस मुळींच रुचत नाहीं.

सागांत तेल असतें, म्हणून स्पिरिटानें पुसून मगच पाण्यास न विरघळणारा सरस लावावा. पट्ट्या लांकडी सांच्यावर वाकवून सायकलीच्या जुन्या ट्यूबच्या लांब फितीनें घट्ट गुंडाळाव्या. शिकंज्यांचा खर्च वांचतो. वाकतांना पट्ट्या एकमेकींवरून किंचित् सरकतात. सरस वाळला म्हणजे त्यांस परत सरकतां येत नाहीं, व गोलाई टिकते. तथापि सांचा काढल्यावर कमान थोडी उघडतेच. यासाठीं सांच्याची त्रिज्या किंचित् कमी धरावी.

आमची मोठी चूक येथेंच झाली. सुबक दिसावें म्हणून टायर व मडगार्ड यांत आम्हीं जेमतेम एक सूत अंतर ठेविलें. भाताच्या बांधावरील चिकट माती त्या फटींत भरली, पुढचें चाक एकाएकीं अडकलें, आणि विद्यार्थी हँडलावरून पुढें पडला. कोपर खरचटण्यावर निभावलें, पण वेग अधिक असता तर काय झालें असतें तें सांगावयास नको. आतां आम्ही पाऊण इंच ठेवितों. २८ इंची चाकाची त्रिज्या १४ इंच, म्हणून कमानीची आंतली त्रिज्या पावणेपंधरा इंच.

एक उणीव मान्य केली पाहिजे. पत्र्याचें मडगार्ड आडवेंहि वळलेलें असतें, म्हणून बाजूचा शिंतोडा अडतो. लांकडी पट्टी आडवी सपाट असल्यानें तो तितका अडत नाहीं. रुंदी अडीच इंच सांगितली ती यासाठींच.

शेवटीं जवसाचे तेलाचे तीन हात द्यावे, प्रत्येक हात पुरता वाळवून. स्क्रूचीं भोंकें व दोन्ही टोकें यांस अधिक तेल पाजावें, कारण पाणी शिरतें तें तेथूनच, व सरस सुटतो तोहि तेथेंच. लोखंडी काड्यांचे स्क्रू दर पंधरवड्यास आवळावे. सैल काडी चाकांत गेली, तर मडगार्ड लांकडाचें असो वा पत्र्याचें, मोडणार तें स्वाराचेंच हाड.