पित्ताची पिशवी काढली, तरी पोटात का दुखतं?

पित्ताशयात खडे झाले, दुर्बिणीतून ऑपरेशन झालं, पिशवी काढून टाकली. दोन दिवसांत पेशंट घरी आला. आता त्रास संपला, असं सगळ्यांना वाटतं. बहुतेकांचा तो खरोखरच संपतो. पण काही जणांना, त्यातही बायकांना जास्त, काही महिन्यांनी तीच जुनी कळ पुन्हा सुरू होते. सोनोग्राफीत काही दिसत नाही. मग घरातले म्हणतात, "पित्त झालं असेल." कोणी म्हणतं, "वहम आहे." कोणी थेट मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलचा पत्ता देतं. अशा दुखण्यामागे कधी कधी एक छोटीशी झडप असू शकते. तिच्याबद्दल आपल्या घरांमध्ये फारशी माहिती नसते, म्हणून आज आपण ती समजून घेऊ.

पित्त म्हणजे ॲसिडिटी नव्हे

आपण बोलताना छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली की "पित्त झालं" म्हणतो. ते जठरातलं आम्ल असतं. खरं पित्त हिरवट-पिवळ्या रंगाचं असतं आणि ते यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये तयार होतं. पित्ताशय ही फक्त ते साठवायची पिशवी आहे. तूप-तेलाचं जेवण पोटात गेलं की हे पित्त नळीतून लहान आतड्यात उतरतं आणि चरबी पचवायला मदत करतं. स्वादुपिंडाचा पाचक रसही तिथेच येतो.

या दोन्ही नळ्या आतड्याला मिळतात तिथे स्नायूंची एक गोल कडी असते. एरवी ती आवळलेली राहते आणि जेवणानंतर सैल होते. नळाच्या चावीसारखंच तिचं काम. आतड्यातलं अन्न उलटं नळीत शिरू नये, हेही तीच पाहते. रुग्गेरो ओडी या इटालियन तरुणाने वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १८८७ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं. म्हणून तिला 'स्फिंक्टर ऑफ ओडी' म्हणतात.

बिघाड कसा होतो?

बिघाड दोन प्रकारचा असतो. एकात झडपेची जागा व्रणामुळे किंवा सुजेमुळे खरोखरच अरुंद होते. खडा तिथून घासत गेल्यानेही असं होऊ शकतं. दुसऱ्यात रचना ठीक असते, पण स्नायू नको तेव्हा आवळतो. दोन्हींत रस मागे तुंबतो, नळीतला दाब वाढतो आणि कळ येते. पित्ताशय असताना वाढलेला दाब थोडाफार त्या पिशवीत सामावतो. पिशवी काढल्यावर ती सोय राहत नाही.

हे दुखणं ओळखायच्या काही खुणा आहेत. पोटाच्या वरच्या भागात, मध्ये किंवा उजव्या बरगडीखाली दुखतं. कळ वाढत जाऊन एका पातळीवर टिकते आणि अर्धा तास किंवा त्याहून जास्त राहते. ती रोज येत नाही, मधूनमधून येते, पण आली की हातातलं काम सोडावं लागतं. ॲसिडिटीची गोळी घेऊन किंवा शौचाला जाऊन फारसा फरक पडत नाही.

घाईने झडप कापू नका

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट इथे आहे. तोंडातून दुर्बीण घालून ही झडप कापता येते. या प्रक्रियेला ईआरसीपी म्हणतात. बरीच वर्षं नुसत्या दुखण्यासाठीही ती केली जायची. मग अमेरिकेत एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. पित्ताशय काढल्यावरही दुखणारे, पण तपासण्यांत विशेष काही न सापडलेले २१४ रुग्ण तिच्यात होते. काहींची झडप खरोखर कापली, काहींची दुर्बीण घालूनही कापली नाही. कोणाला काय केलं, हे रुग्णांना सांगितलं नव्हतं. वर्षभराने पाहिलं तर झडप कापलेल्यांपैकी २३ टक्क्यांना आराम होता आणि न कापलेल्यांपैकी ३७ टक्क्यांना! म्हणजे कापण्याचा फायदा दिसलाच नाही. उलट दोन्ही गटांत दहा टक्क्यांहून जास्त लोकांना या प्रक्रियेनंतर स्वादुपिंडाला सूज आली. ही सूज कधी कधी जिवावर बेतते.

याचा अर्थ दुखणं खोटं होतं, असा नाही. दुखणं खरंच आहे, फक्त त्यावर कापणं हा उपाय नाही. जिथे पित्तनलिका फुगलेली आहे आणि कळ येते तेव्हा रक्तातले लिव्हरचे आकडेही वाढतात, तिथे मात्र झडप कापल्याने चांगला गुण येतो. दोन्हींपैकी एकच गोष्ट असेल, तर पोटविकारतज्ज्ञाशी नीट बोलूनच ठरवावं.

मग करायचं काय?

आधी इतर कारणं तपासून घ्या. नळीत खडा राहिला आहे का, अल्सर आहे का, स्वादुपिंडाला सूज आहे का? वय जास्त असेल किंवा शुगर असेल तर ईसीजीही काढा, कारण हृदयाचं दुखणंही पोटात जाणवू शकतं. नळ्या पाहण्यासाठी एमआरसीपी हा एमआरआयचाच प्रकार आहे. त्यात दुर्बीण घालावी लागत नाही, त्यामुळे सुजेची ती भीती नसते.

कळ येईल तेव्हा तारीख, वेळ, काय खाल्लं होतं आणि किती वेळ दुखलं, हे वहीत लिहा. कळ आल्यावर काही तासांत लिव्हरची आणि स्वादुपिंडाची रक्ततपासणी करून घेता आली, तर निदानाला मोठी मदत होते. नळ्या आणि रक्ताचे आकडे ठीक असतील तर स्नायू सैल करणारी किंवा दुखण्याची तीव्रता कमी करणारी औषधं डॉक्टर देऊन पाहतात. लग्नातली तेलकट बिर्याणी किंवा सकाळची नहारी खाल्ल्यावर त्रास होत असेल तर थोडं थोडं, कमी तुपाचं खा. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा वेदनाशामक मनाने घेऊ नका, त्याने ही झडप आणखी आवळते.

कळीसोबत थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, लघवी गडद झाली, उलट्या थांबेनात किंवा दुखणं पाठीत जाऊ लागलं, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. एरवी मात्र कोणी ईआरसीपी सुचवली तर सही करण्याआधी एवढं जरूर विचारा: "माझी नळी फुगली आहे का? रक्ताचे आकडे वाढले आहेत का?" दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल, तर दुसऱ्या तज्ज्ञाचा सल्ला घ्या.